खांद्यावरची दुहेरी शिवण

सिस्टर गेल्या त्याला सव्वा महिना होत आला. त्या सकाळी मी मशीनवर बसून एका ब्लाऊजची बाही जोडत होते, इतक्यात रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे सिस्टरांच्या थोरल्या भावाची नात. इथं येरमाळ्यातच एका मेडिकलवर कामाला आहे आणि राहायला सिस्टरांकडंच. म्हणाली, "काकू, आजी बोलंनात. तोंड वाकडं झालंय. म्या कुशीवर केलंय, १०८च्या गाडीला फोन लावलाय. दहाला पाच कमी व्हते तवा बघितलं. तुमी या." बस, एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही. पोरगी सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेली, हे त्या बोलण्यावरनंच कळत होतं. मी बाही तशीच सुईखाली सोडली आणि अनवाणीच निघाले. दोन गल्ल्या ओलांडल्या की त्यांचं घर. दारात पोचले आणि उंबऱ्यातच थांबले. सिस्टर खाटेवर कुशीला होत्या, रेखा त्यांच्या पाठीला हात लावून बसलेली, आणि उशाशी दादा, सिस्टरांचे थोरले भाऊ. ऐंशीच्या घरातले, परंड्याकडच्या गावाहून आदल्याच दिवशी बहिणीला भेटायला आले होते. त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या. पाणी धोतरावर सांडत होतं, आणि वाकून ते म्हणत होते, "मथुरे, आ कर गं... पाणी घे."

त्या तांब्याची मला एवढी धास्ती का बसली, हे सांगायचं तर आधी माझ्या सासऱ्यांचं सांगायला हवं. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात. म्हणतात म्हणजे आपसात म्हणतात, तोंडावर हाक मारायची कुणाची टाप नव्हती. अठरा वर्षं एका घरात नांदले, पण मामांचा चेहरा मी नीट समोरून पाहिलाय असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. ते आले की पदर पुढं ओढायचा, ताट ठेवायचं आणि मागं सरायचं. त्यांना वाटी वाढताना बोटाला बोट लागलं तरी दिवसभर मनात खात राहायचं. आज लिहिताना हसू येतं, पण होतं असं. एका दुपारी घरात मी एकटी. माझे मालक रानात, सासूबाई कळंबला लेकीकडं गेलेल्या. मामा गोठ्यातून येता येता अंगणात कोसळले. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात लुळा, घशातून घरघर. मी ओट्यावर उभी... आणि आमच्या येडाई देवीची शप्पथ घेऊन सांगते, पदर डोक्यावर घेतला आधी. त्यांना धरावं, कूस बदलावी, हे मनातसुद्धा आलं नाही. सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा? हात न लावता करता येण्यासारखी एकच गोष्ट मला ठाऊक होती. मी आत गेले, तांब्या आणि चमचा घेऊन आले, आणि लांबूनच, हात जमेल तेवढा पुढं करून, त्यांच्या तोंडात पाणी घालत राहिले. चार चमचे गेले असतील. ते ठसकले, घरघर वाढली, ओठ निळे पडले. मग शेजारची माणसं धावत आली.

धाराशिवच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी मामा गेले. तिथल्या डॉक्टरांनी मालकांना विचारलं होतं, पाणी पाजलं होतं का कुणी? मालक म्हणाले, "व्हय साहेब, मालकिणीनं पाजलं की!" अगदी कौतुकानं म्हणाले. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. मालकांना त्यातलं काही उमगलं नाही. मी दाराशी उभी होते, मला उमगलं. आणि पुढं दहा दिवस भेटायला येणारी प्रत्येक बाई मला जवळ घेऊन म्हणायची, सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेला म्हातारा, नशीब काढलं. प्रत्येकीचं ते बोलणं काळजात रुतायचं. माझ्या पाण्यानं मामा गेले का? आठ वर्षं हा एकच प्रश्न मी मनात ठेवून मशीन चालवली. विचारणार कुणाला? नवऱ्याला विचारलं तर त्याच्या बापाचा घात मी केला असं व्हायचं.

अशात एका दिवशी सिस्टर माझ्या दारात आल्या. मथुराबाई त्यांचं नाव, पण सगळी पंचक्रोशी सिस्टरच म्हणायची. सरकारी नर्स म्हणून सारी नोकरी खेड्यापाड्यांत केलेली, रिटायर होऊन येरमाळ्याला येऊन राहिलेल्या. मूलबाळ नाही, यजमान तरुणपणीच गेलेले. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र हायवेवरच्या ट्रकला थांबवील असा. हातात जुनं धोतर, सदरा आणि चिंध्यांचं गाठोडं. म्हणाल्या, "सुमन, मला एक म्हातारा शिवून पाहिजे." मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तर त्यांना माणसाएवढा बाहुला हवा होता. घराघरात म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या सुना, लेकी, आणि धाराशिवात ज्यांची पोरं पुण्याला गेलीत अशांच्या घरी म्हातारी सांभाळायच्या नोकरीवर जाणाऱ्या बाया, या सगळ्यांना प्रथमोपचार शिकवायचे त्यांच्या डोक्यात होतं. फळ्यावर लिहून कुणाला येत नाही, हाताला सवय लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कापड कापायला घेतलं तसं मला म्हणाल्या, "खांद्याला दुहेरी शिवण घाल बरं का. तिथं लई हात पडणार हायत." मी हो म्हटलं. पोटाला एक तोंड ठेवलं, वाळूची पिशवी आत घालायला. नेताना रिकामा, गावात पोचलं की वाळू भरायची, म्हणजे हाताला खऱ्या माणसाचं वजन लागतं. चेहऱ्यावरचं तोंड मी धाग्यानं सरळ काढलं, तर म्हणाल्या, उसव आणि एका बाजूला वाकडं काढ.

पहिला वर्ग आमच्याच समाजमंदिरात भरला. शिवण उसवली तर हवी म्हणून मलाही बसवून ठेवलेलं. पंधरा-वीस बाया गोळा झाल्या. सिस्टरांनी धोतर-सदऱ्यातला तो बाहुला आणून सतरंजीवर निजवला, आणि काय सांगू... एकजात सगळ्यांचे हात पदराकडं गेले! चिंध्यांच्या म्हाताऱ्यापुढं पंधरा-वीस बाया डोक्यावर पदर घेऊन बसल्या. सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बयांनो, त्येच्या पोटात वाळू हाय गं!" त्यावर एकजण म्हणाली, "असू द्या की, निजलाय बघा कसा, हुबेहूब आमच्या मामांवानी." हसून हसून पोटं दुखली. त्या दिवसापासून बाहुल्याचं नाव मामा पडलं. मग सिस्टरांनी त्यांचे ते तीन शब्द सांगितले, जे पुढं गावोगावच्या बायांना पाठ झाले: हाक, हात, कूस. आधी मोठ्यांदा हाक मारायची. मग खांद्यावर हात ठेवून हलवायचं. माणूस बोलत नसेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर करायचं, म्हणजे तोंडातली लाळ, उलटी बाहेर पडते. श्वासच चालत नसेल तर काय करायचं तेही त्यांनी मामांच्या छातीवर दाबून दाखवलं. गाडीला फोन आणि घड्याळाकडं एक नजर, किती वाजता झालं ते डॉक्टर विचारतात म्हणून. "आणि पाणी?" एकीनं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा न्हाय. ते पोटात जात न्हाय, छातीत जातं."

मी उठले ती सरळ घरी आले. संध्याकाळी सिस्टरांनी निरोप धाडून बोलावलं. त्यांनी चहा टाकला, मी आठ वर्षांचं सगळं सांगून टाकलं, ओट्यापासून डॉक्टरांच्या कागदापर्यंत. शेवटी विचारलं, "सिस्टर, माझ्या पाण्यानं गेले का हो मामा?" त्यांनी बशीतला चहा संपवला. म्हणाल्या, "मामांची टोपी हाय का गं घरी अजून?" आहे म्हटलं, खुंटीला. "मग घेऊन ये. आपल्या मामांचं डोकं उघडं हाय." असा संताप आला म्हणता! काळीज काढून पुढं ठेवलं आणि ही बाई टोपी मागते! पंधरा दिवस मी त्यांच्या गल्लीकडं फिरकले नाही. पण राग निवला तसं एक ध्यानात आलं. दुसरं कुणीही असतं तर 'जाऊ दे, त्यांची वेळ भरली होती' म्हणून माझी बोळवण केली असती. सिस्टरांनी तसं केलं नव्हतं. सोळाव्या दिवशी मी टोपी घेऊन गेले. त्यांनी ती बाहुल्याच्या डोक्यावर ठेवली, जराशी तिरकी, मामा ठेवायचे तशीच... हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. आणि म्हणाल्या, "चल, हाक मार." अठरा वर्षांत जी हाक मारली नव्हती ती मारायची होती. कशीबशी म्हणाले, "मामा, ऐकू येतंय का?" आणि खांद्यावर हात ठेवला. आणि मग जी काही रडले म्हणता, आई गेली तेव्हाही तशी रडले नसेन. सिस्टर शेजारी बसून होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रडून झालं की कुशीवर कर."

तिथून पुढं मी त्यांच्याबरोबरच हिंडू लागले. प्रत्येक गावात पहिल्यांदा त्या मला उभं करायच्या आणि मी माझ्या चार चमच्यांची गोष्ट सांगायची. मालकांनाही मीच सांगितलं, पहिल्या गावाला निघायच्या आदल्या दिवशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला तरी कुणी शिकवलं होतं?" आणि सकाळी मामांना एसटी स्टँडपर्यंत खांद्यावरून पोचवायला आले. एसटीतल्या गमती तर विचारू नका. एक कंडक्टर मामांकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यांचं तिकीट?" सिस्टर जराही न हसता म्हणाल्या, "पंच्याहत्तरीच्या पुढचे हायत. आधारकार्ड तेवढं घरी राहिलं." पुढं तो कंडक्टर दिसला की मामांना रामराम घालायचा. परत येताना हायवेवर उतरलं की सिस्टरांना मिरची भजी लागायची. रक्तदाबाची गोळी घेतली का विचारलं की म्हणायच्या, "तू मला शिकवू नको." जगाला शिकवणारी बाई स्वतःची गोळी आठवड्यातनं चार दिवस विसरायची. किती भांडले असेन मी त्यावरून! आणि कौतुक करायला तर भारीच कंजूष. परंड्याजवळच्या एका वस्तीवर एका सुनेनं सासूच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला तेव्हा पाठीत पाच थापा घालून तो बाहेर काढला, म्हातारी वाचली, सून हरखून सांगायला आली. सिस्टर म्हणाल्या, "बरं केलंस. थाप खालनं वर मारली का सरळ?"

दादांच्या गावातला वर्ग मात्र बिनसला. दादा मागं खांबाला टेकून ऐकत बसले होते. पाण्याचं निघालं तसे ताडकन उठले. "मरणाऱ्याला पाणी द्यायचं न्हाय? मंजी त्यानं तहानलेलं जायचं? आपल्या आईला म्या पाणी दिलं तवा तिचा जीव सुटला, तू न्हवतीस तिथं!" सिस्टर म्हणाल्या, "दादा, जीव जायलाच लागला असंल तर कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करावेत, त्येला कुणाची ना न्हाय. पण ज्याच्या अंगावरनं वारं गेलंय त्यो मरणारा हाय असं कुणी ठरवलं? त्येला आधीच कशाला मारतूस?" दादा म्हणाले, "माझी येळ आली की मला पाणी दे बाई. तुझं शास्तर नको." आणि निघून गेले. बहीणभावांत दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर सिस्टर खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "सुमन, मला काही झालं आणि दादा तिथं असला, तर तू मधी पडशील का?" मी लगेच हो म्हणून गेले. म्हणायला काय जातंय?

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांना ताप भरला होता, मी उशाशी बसले होते. तांब्या नेहमीप्रमाणं खिडकीत. कुणाच्याही घरी गेल्या की आजाऱ्याच्या उशाचा तांब्या उचलून खिडकीत ठेवायची त्यांना सवय होती, घाबरलेलं माणूस हाताला लागेल ते तोंडात ओततं म्हणून. डोळे मिटलेलेच होते, मला वाटलं झोपल्या. तर एकदम म्हणाल्या, "तू मला एक विचारलं व्हतंस. तुझ्या पाण्यानं गेले का वाऱ्यानं, हे मला ठाऊक न्हाय सुमन. पाण्यानं बिघडलं असणार, हे खरं हाय. खोटं कशाला सांगू? पण मला त्येच्यापेक्षा दुसरं वाईट वाटतं. त्यो माणूस अंगणात पडला आणि घरातलं कुणी त्येला शिवलं न्हाय." एवढं बोलून कूस बदलली. मी घरी आले. वाईट वाटलंच, पण आश्चर्य म्हणजे हलकंही वाटलं. कुणीतरी पहिल्यांदा माझ्याशी खरं बोललं होतं. प्रश्न मिटला नाही, पण त्याच्या जागी करता येण्याजोगं काहीतरी आलं.

तर त्या सकाळी मी दारात उभी, आणि दादांच्या हातातला तांब्या सिस्टरांच्या ओठांपाशी आलेला. रेखा म्हणत होती, "आजोबा, नगा हो, नगा," पण आजोबांचा हात धरायची तिची हिंमत होत नव्हती. दारात शेजारपाजारची माणसं जमलेली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, घालू द्या की गं, सख्खा भाऊ हाय. आणि मी... मला आजही नवल वाटतं, मी दोन पावलांत पुढं गेले आणि ऐंशीच्या घरातल्या परक्या पुरुषाचं मनगट चारचौघांत घट्ट धरलं. पदर कुठं होता ते ठाऊक नाही. म्हणाले, "दादा, न्हाय." त्यांनी हात झटकायचा प्रयत्न केला. म्हातारं मनगट, पण जोर होता. "सोड पोरी! बहीण हाय माझी, तहानलेली जाईल!" मी म्हणाले, "जात न्हाईत त्या. अजून गेल्या न्हाईत, श्वास चाललाय, बघा. त्यांच्या खांद्यावर हात ठेवा दादा. त्यांना कळू द्या तुमी हायसा." किती वेळ तसे उभे होतो सांगता येत नाही. मग त्यांची बोटं सैल झाली, मी तांब्या काढून घेतला आणि खिडकीत नेऊन ठेवला. दादा खाटेच्या कडेला बसले, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले. गाडी येईपर्यंत तो हात तिथनं हलला नाही.

सिस्टर त्या दिवशी गेल्या नाहीत. धाराशिवच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. बोलणं गेलं होतं, उजवी बाजूही गेली होती, पण माणसं ओळखत होत्या. मला पाहिलं आणि डाव्या हातानं गोळी तोंडात टाकल्याची खूण केली, स्वतःवरच हसल्यासारखं अर्धं तोंड हललं. या बाईला तेव्हासुद्धा चेष्टा सुचत होती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं. पाचव्या दिवशी तिथल्या नर्सबाईंनी गिळता येतंय का ते तपासलं आणि सांगितलं, आता पाणी द्या, पण टेकून बसवून, हनुवटी खाली, एकेक चमचा. रेखानं चमचा माझ्याकडं केला. मी तो दादांच्या हातात दिला. दादांनी अगदी हळू, जपून तो चमचा पुढं केला. सिस्टरांनी पाणी घेतलं, थांबल्या, गिळलं. दादांनी विचारलं, "गेलं का खाली?" त्यांनी मान हलवली. मग दुसरा चमचा. अकरा चमचे दिले त्यांनी, प्रत्येक वेळी विचारून. नंतर माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तवा हात सोडला असतास तर हे झालं नसतं."

अकराव्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला, आणि त्यातून मात्र सिस्टर उठल्या नाहीत. डॉक्टरांनी आता फार वेळ नाही म्हणून सांगितलं, तेव्हा दादांनी स्वतः नर्सबाईंकडून कापसाचा बोळा मागून घेतला, भिजवला, पिळला, आणि बहिणीचे ओठ ओले करत बसले. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. एसटी चुकली होती माझी. त्याचं वाईट वाटतंच, वाटत राहील. पण त्यांच्याजवळ त्यांचं माणूस होतं आणि त्याचा हात त्यांच्या अंगावर होता.

दिवसकार्य झालं आणि रेखानं मामांना माझ्याकडं आणून दिलं. सिस्टरांच्या खोलीत आता ती एकटी असते. तांब्या अजून खिडकीतच ठेवते, सांगावं लागत नाही. मामांना मी पुढच्या खोलीतल्या खाटेवर निजवलंय. गिऱ्हाइकं येतात आणि दचकतात. परवा दादांचा फोन आला. म्हणाले, "आमच्या गावचा वर्ग अर्धा राहिलाय न्हवं? कवा येतीस? आन् त्यो बाहुला आणलास तरी चालंल, पण म्या सोताच सतरंजीवर निजणार हाय. आमच्या सुनांना जित्या माणसाला हात लावायला शिकू दे." येत्या सोमवारी जायचं ठरलंय.

म्हणून काल मामांचं धोतर धुतलं, पोटातली वाळूची पिशवी झटकली, आणि सदरा उतरवला तेव्हा दिसलं. सगळा बाहुला जसाच्या तसा आहे, पण उजव्या खांद्यावरचं कापड पार विरून गेलंय. तिथं सिस्टरांनी कधीतरी आपल्या पांढऱ्या साडीचं ठिगळ लावलं होतं, तेही झिरझिरीत झालेलं. आत माझी दुहेरी शिवण मात्र तशीच धरून होती. किती बायांनी तिथं हात ठेवला असेल... शिवताना पडलेला पहिला माझाच होता. मी मामांची टोपी बाजूला ठेवली, पेटीतून रेखानं दिलेला सिस्टरांच्या साडीचा उरलेला तुकडा काढला आणि ठिगळावर ठिगळ लावायला मशीनवर बसले. शिवण दुहेरीच घातली. तिथं अजून लई हात पडायचे आहेत.